कॅन्सरला जात नसते म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

दरवर्षी 4 फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन येतो. तालुक्याच्या गावी शिबिर होते, बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होते आणि भाषणात एक वाक्य हमखास येते: कॅन्सरला जात नसते, धर्म नसतो, गरीब-श्रीमंत नसते. टाळ्या पडतात. मग तंबाखू सोडण्याची सामूहिक शपथ होते, फोटो निघतात, पाहुणे जेवायला जातात. पाथरी तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा प्रतिवाद करणे आम्हाला गरजेचे वाटते.

पेशीला जात नसते, हे मान्य. पण पेशीपर्यंत जे विष पोहोचते ते हवेतून आपोआप टपकत नाही. ते कोणाच्या तरी पाठीवरच्या पंपातून येते, कोणाच्या तरी चुलीतून येते, कोणाच्या तरी ताटातून येते. पंप कोणाच्या पाठीवर, चूल कोणाच्या नाकापुढे आणि बुरशी धरलेले धान्य कोणाच्या ताटात, हे ठरवणारी एक व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेला जात आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे आणि ते आम्ही इथे पुराव्यानिशी मांडणार आहोत.

आधी पंपाकडे येऊ. पाथरीला एका अंगाने गोदावरी आणि वरून जायकवाडीचा डावा कालवा. कापूस, सोयाबीन, ऊस हीच इथली पिके. पावसाळा सुरू झाला की कापसावर फवारणी सुरू होते. गावात कोणी 'विष मारायला चाललो' असे म्हणत नाही. 'औषध मारायला चाललो' असेच म्हणतात. दुकानदारही औषध म्हणतो, मालकही औषध म्हणतो. ज्याच्या डब्यावर कवटी छापलेली असते त्याला औषध म्हणायला आपल्याला कोणी शिकवले, याचा शोध भाषाशास्त्रज्ञांनी जरूर घ्यावा.

हे औषध मारतो कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो प्रत्येक वेळी मारतोच असे नाही. अनेकदा मारतो तो रोजंदार: बौद्ध, मातंग, भटका, मुसलमान मजूर, किंवा ज्याची दोन एकर कोरडवाहू पुरत नाही असा कोणत्याही जातीचा लहान शेतकरी. पैसे पंपामागे मिळतात. म्हणजे जितके पंप जास्त तितकी मजुरी जास्त. मग मास्क लावून, वारा बघून, थांबत थांबत फवारणार कोण? औषध हातानेच किंवा काडीने ढवळले जाते. नोझल अडकले की ते तोंडाने फुंकून मोकळे करतात. अंगातला शर्ट दुपारपर्यंत ओला होतो आणि अंगावरच वाळतो. मधल्या सुट्टीत बांधावर बसून त्याच तळहातावर तंबाखू आणि चुना मळला जातो आणि ओठाखाली धरला जातो. संध्याकाळी तो शर्ट घरी जातो आणि बाई तो घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुते.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हा राज्य हादरले. चौकशी झाली, विशेष पथक नेमले गेले, कंपन्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. कारण ते मरण दोन दिवसांत आले होते. ते मोजता आले. पण जे मरण पंधरा-वीस वर्षांनी येते त्याचे काय? डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आपण पाहतो. तो त्रिकोण फक्त ताबडतोब होणाऱ्या विषबाधेच्या हिशेबाने ठरलेला असतो. हिरवा त्रिकोण म्हणजे पुढे कर्करोग होणार नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हे किती कृषी सेवा केंद्रांत गिऱ्हाइकाला सांगितले जाते?

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन करणारी एक संस्था आहे, तिला आयएआरसी म्हणतात. ती कर्करोगकारक पदार्थांची यादी करते. 2015 साली तिने लिंडेन हे कीटकनाशक गट 1 मध्ये टाकले, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. त्याच वर्षी मॅलॅथिऑन, डायझिनॉन, ग्लायफोसेट आणि डीडीटी गट 2-अ मध्ये टाकले, म्हणजे बहुधा होतो. ग्लायफोसेटच्या बाबतीत अमेरिकेची पर्यावरण संस्था आयएआरसीशी सहमत नाही, हेही सांगितले पाहिजे. वाद आहे. पण वाद चालू असताना पंप कोणाच्या पाठीवर ठेवायचा, हा प्रश्न त्या वादात कोणीच विचारत नाही. भारत सरकारने मे 2020 मध्ये 27 कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता. त्यातल्या मोजक्याच रसायनांवर 2023 मध्ये प्रत्यक्ष बंदी आली.

ग्लायफोसेटची आपल्या बायांसाठी आणखी एक बाजू आहे, जी शहरातल्या पर्यावरणवाद्यांच्या लेखांत सापडत नाही. ते तणनाशक आहे. कापसात ते चालावे म्हणून मान्यता नसलेले बियाणे विकले जाते, हे आता उघड गुपित आहे. तण रसायनाने मेले की खुरपणीची गरज उरत नाही आणि खुरपणी ही भूमिहीन बाईची हक्काची मजुरी होती. म्हणजे आधी तिचा रोज गेला आणि नंतर त्याच रानात कापूस वेचायला ती गेली तेव्हा रसायन तिच्या वाट्याला आले. वेचणी झाली की उरलेल्या पऱ्हाट्या ती मोळी बांधून डोक्यावर घरी आणते आणि वर्षभर चुलीत घालते. हंगामभर फवारलेली ती पऱ्हाटी! आयएआरसीने लाकूड-काडीच्या चुलीचा घरातला धूरही गट 2-अ मध्ये ठेवला आहे. गॅसची टाकी मिळाली, पण भरून आणायला पैसे लागतात.

आता तंबाखू. इथे आम्हाला लगेच अडवले जाईल: "तुमच्या लोकांचे व्यसन आहे, त्याचे बोला." बोलूच. तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी आहे, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पंपामुळे तोंडाचा कर्करोग होतो असा दावा आम्ही करत नाही, कारण तसा पुरावा नाही. कीटकनाशकांचा संबंध प्रामुख्याने लसिका ग्रंथींच्या कर्करोगाशी दिसला आहे. 2022 साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे जेवढे नवे रुग्ण सापडले त्यातला दर तिसरा भारतीय होता. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाताना आढळले. बिडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के. म्हणजे आपला प्रश्न मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा आणि मिसरीचा आहे. बायांमध्ये 16.6 टक्के. मिसरी लावली की भूक मरते आणि उन्हात काम रेटता येते, असे वेचणीला जाणाऱ्या बाया सांगतात. पहाटे घर आवरून उपाशीपोटी रानात जाणारी बाई जे भूक मारण्यासाठी वापरते त्याला 'व्यसन' हा एकच शब्द पुरतो का?

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'जीवनशैलीचे आजार' असे एक प्रकरण होते. जीवनशैली म्हणजे निवड. ज्याला सकाळी काय खायचे ते निवडता येते, कोणत्या कामावर जायचे ते निवडता येते, त्याला शैली असते. बाकीच्यांना फक्त जीवन असते. हा शब्द दवाखान्यापर्यंत कसा पोहोचतो ते आम्ही रुग्णांबरोबर जाऊन पाहिले आहे. केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात लिहिले जाते 'मजुरी'. 'व्यसन' या रकान्यात लिहिले जाते 'तंबाखू'. मजुरी कसली, किती वर्षे फवारणी केली, वीटभट्टीवर होता का, रस्त्याच्या डांबरावर होता का, हे विचारणारा रकानाच नसतो. जे विचारलेच नाही ते आकडेवारीत येत नाही. आणि जे आकडेवारीत नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नसते.

कामावरून होणारा कर्करोग जगाला पहिल्यांदा कळला तो अशाच प्रश्नातून. 1775 साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यचिकित्सकाने पाहिले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो. ही माणसे लहानपणी अनाथ, गरीब पोरे म्हणून उघड्या अंगाने धुराड्यात चढवलेली असत. पॉटने त्यांचे काम विचारले आणि काजळीकडे बोट दाखवले. पुढे असे लक्षात आले की युरोपातल्या इतर देशांत जिथे धुराडी साफ करणारे अंगाला घट्ट कपडे घालत आणि रोज अंघोळ करत तिथे हा कर्करोग फार कमी होता. काजळी दोन्हीकडे सारखीच होती. तरीही इंग्लंडमध्ये पोरांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने थांबायला 1875 उजाडले. शंभर वर्षे! हा इतिहास वाचताना आम्हाला आपल्याकडची गटारात उतरणारी माणसे आठवतात, आणि जातही.

आता ताटाकडे वळू, कारण या विषयात आपल्या ताटावर फार बोलले जाते. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयएआरसीने जाहीर केले की प्रक्रिया केलेले मांस गट 1 मध्ये आणि लाल मांस गट 2-अ मध्ये. झाले! व्हॉट्सअॅपवर संदेशांचा पाऊस पडला. मटण-बीफ खाणे म्हणजे सिगारेट ओढण्यासारखेच, शाकाहार हेच विज्ञान, आमच्या ऋषींना आधीच माहीत होते, वगैरे.

या यादीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गट म्हणजे पुराव्याची खात्री. कोर्टात आरोप किती पक्का सिद्ध झाला एवढेच गट सांगतो. गुन्हा पाकिटमारीचा की खुनाचा, हे तो सांगत नाही. तंबाखू आणि सॉसेज एका गटात आहेत याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखा, असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच तेव्हा खुलासा केला होता: जगात तंबाखूमुळे वर्षाला सुमारे 10 लाख कर्करोग-मृत्यू होतात, दारूमुळे 6 लाख, हवेच्या प्रदूषणामुळे 2 लाखांहून अधिक, आणि प्रक्रिया केलेले मांस जास्त खाण्यामुळे सुमारे 34 हजार. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ले तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका मुळात असतो त्याच्या 18 टक्क्यांनी वाढतो.

आपल्या चान्या, म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, या व्याख्येत येऊ शकतात. ते लपवायचे कारण नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. पण रोज 50 ग्रॅम चान्या कोणत्या महारवाड्यात मिळत होत्या, ते कोणी सांगेल का? पावसाळ्यात हाताला काम नसताना चार दिवस कोरड्यासाला चव यावी म्हणून जे जपून ठेवले जायचे त्याची बरोबरी युरोपातल्या रोजच्या नाश्त्याशी करणे याला आम्ही विज्ञान म्हणत नाही.

आणि सुपारी? सुपारीला आयएआरसीने 2004 सालीच गट 1 मध्ये टाकले आहे. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. पण पाटावर तांदळाच्या राशीत सुपारी मांडून तिची पूजा होते. तिच्याविरुद्ध कोणाचे संदेश फिरले? कोणत्या संघटनेने सुपारीचे ट्रक अडवले? ज्या यादीत मांस आहे त्याच यादीत सुपारी अकरा वर्षे आधीपासून आहे. यादी वाचणाऱ्याला नेमके काय दिसले आणि काय दिसले नाही, यातच आमचे उत्तर आहे. (आपल्यातही काही घरांत सोयरिकीला अजून सुपारी फोडतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांनी यावर विचार करावा.)

ताटातले खरे विष दुसरीकडे आहे. ओल लागलेल्या मका-भुईमुगावर जी बुरशी येते तिच्यातून अॅफ्लाटॉक्सिन तयार होते. ते गट 1 मध्ये आहे आणि यकृताचा कर्करोग करते. भाजून, शिजवून ते पुरते जात नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसे मेली होती. ती तर तात्काळ विषबाधा. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेलेले कोण मोजणार? चांगले धान्य बाजारात जाते, डागी धान्य मजुरीत मिळते किंवा स्वस्त म्हणून घेतले जाते. वतनदारीच्या काळात बलुत्याला काय दिले जायचे, ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारा.

छपराबद्दल एकच गोष्ट. अनेक वस्त्यांमध्ये सिमेंटचे पत्रे आहेत. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि सगळ्या प्रकारचे अॅस्बेस्टॉस गट 1 मध्ये आहे. पत्रा साबूत असेल तर धोका कमी. तो करवतीने कापताना, फोडताना जी धूळ उडते ती फुप्फुसात जाते. जगातल्या साठहून अधिक देशांनी ज्यावर बंदी घातली आहे ते आपल्याकडे उघड विकले जाते. निदान कापताना पत्रा ओला करा, तोंडाला फडके बांधा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

आता ज्या गोष्टीने आमचा सर्वाधिक संताप होतो ती सांगतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तोही गट 1 मध्येच आहे. 1999 साली मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आयएआरसी यांनी मिळून तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, गावांचे 52 समूह. काही गावांत एचपीव्हीची चाचणी, काही गावांत दुसऱ्या दोन तपासण्या आणि काही गावांत कोणतीच तपासणी नाही, फक्त माहिती. 2009 मध्ये निकाल छापून आला. ज्या 34,126 बाया एचपीव्ही चाचणीच्या गटात होत्या त्यांच्यात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. ज्या 31,488 बाया बिनतपासणीच्या गटात होत्या त्यांच्यात 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे साऱ्या जगाला मराठवाड्याच्या बायांनी दाखवून दिले.

तपासणी न मिळालेल्या गावांतल्या त्या 64 बायांबद्दल नैतिकतेचे प्रश्न परदेशातल्या डॉक्टरांनी विचारले. आपल्याकडे किती जणांनी विचारले? आणि पुढे काय झाले? 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पसंती देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायांमागे दोघींनीसुद्धा ही तपासणी केलेली नव्हती. पुरावा इथल्या बायांच्या अंगातून गेला. फायदा इथे पोहोचला नाही.

त्याच काळात पाथरीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात काय चालले होते? 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली आढळली. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, मराठा, सगळ्याच गरीब बाया. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या अनेकींना पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल, असे सांगण्यात आले होते. उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही, म्हणून बाईनेही कबूल केले. कॅन्सर खरेच होणार आहे का हे सांगणारी चाचणी शेजारच्याच भागात सिद्ध झालेली होती. ती या बायांपर्यंत आली नाही. कॅन्सरची भीती मात्र खाजगी दवाखान्यातून पैसे घेऊन विकली गेली.

जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा केली आणि शिर्डीने बंद पाळला. साईबाबा कुठे जन्मले या वादात आम्हाला पडायचे नाही. पण त्या दिवसांत पाथरीचे नाव देशभर गाजत असताना, इथला कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबई गाठतो, हे एकाही वाहिनीने दाखवले नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि किमो होते, पण सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज कोण देणार? अर्धे उपचार एसटीच्या तिकिटाअभावी सुटतात.

थोडे आपल्या चळवळीकडेही पाहू. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. दारूही आयएआरसीच्या गट 1 मध्ये आहे. तरी जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि तो टपरीवर मिळतो. पुडी खाणाऱ्या पोराला मारून पोलीस मोकळे होतात. गोदामाचा मालक कधी सापडत नाही. मंडळाच्या अहवाल पुस्तिकेत त्या मालकाची जाहिरात घ्यायची की नाही, हे ठरवणे तरी आपल्या हातात आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, खाणकामगार, बाळंतपणाची रजा हे त्यांचे विषय होते. कामगाराचे शरीर हा त्यांना कायद्याचा विषय वाटत होता, दयेचा नव्हे. आज कारखान्यासाठी कायदा आहे आणि त्यात कामावरून होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद करणे बंधनकारक आहे. शेत मात्र कारखाना नाही. तरीही 1968 चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे 1971 चे नियम आहेत. त्यात फवारणी करणाऱ्याची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक कपडे यांची तरतूद आहे. पन्नास वर्षांहून जास्त झाली. आपल्या तालुक्यात किती मजुरांची अशी तपासणी झाली, हा प्रश्न आम्ही माहितीच्या अधिकारात कृषी विभाग आणि आरोग्य विभाग या दोघांनाही विचारत आहोत.

येत्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा तयार आहे. फवारणीचे हातमोजे, मास्क आणि अंगरखा रानमालकाने किंवा विक्रेत्याने द्यावा, मजुराच्या पैशातून कापू नये. पाथरीच्या ग्रामीण रुग्णालयात 30 वर्षांवरच्या बाईला ठरलेल्या दिवशी एचपीव्हीची चाचणी मिळावी आणि निकाल तिच्या हातात लेखी पडावा. तोंडाची तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी व्हावी, कारण मजूर त्याच दिवशी गावात असतो. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला प्रवासखर्च मिळावा. केसपेपरवर कोणते काम, किती वर्षे आणि कोणते रसायन हे तीन प्रश्न छापलेले असावेत. मसुद्याच्या प्रती विहारात ठेवल्या आहेत. ज्या गावाला हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात आणि सरपंचाची पोच घ्यायला विसरू नये.

जय भीम.